लाल धाग्याचे कपडे

भट्टी विझली की त्या घराला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागे. एरवी वाफेचे फुत्कार, पिळणीच्या यंत्राची घरघर आणि ओलसर कापडावर इस्त्री टेकताच उठणारा चर्रर्र आवाज यांच्या आडोशाला माणसं एकमेकांना काय म्हणतात याकडे कुणाचं फारसं लक्ष नसे. आठवड्याच्या सुट्टीला तो आडोसा निघून जाई, आणि म्हणूनच की काय, या घरातली सगळी भांडणं सुट्टीच्याच दिवशी होत आली होती.

त्या दुपारी धाकट्याने सगळ्यांना निवडीच्या खोलीत बोलावलं होतं. वडील, म्हणजे अण्णा, होते तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं तिथेच व्हायचं, ज्या लांब टेबलावर गिऱ्हाइकांचे कपडे घरवार निवडले जात त्याच टेबलाभोवती. भिंतीशी टोपल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या कानाला रंगीत धागा बांधलेला होता. ज्या घराचा जो रंग, त्या रंगाचा टाका त्या घरच्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरीत आतून घातलेला असे, म्हणजे सगळे कपडे एकत्र धुतले तरी शेवटी ज्याचं त्याला मिळे. घरच्यांचा धागा पांढरा होता. दाराजवळ, इतर टोपल्यांपासून हातभर अंतर राखून, एक टोपली लाल धाग्याची होती, आणि तिच्यात एकाच माणसाचे कपडे पडत.

तो माणूस, थोरला, आपल्या लोखंडी खुर्चीवर येऊन बसला. बाकीच्यांच्या खुर्च्या गादीच्या होत्या. त्याची लोखंडी, कारण लोखंड पुसून घेता येतं. असं कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तारुण्यात कधीतरी एके दिवशी ती खुर्ची तिथे होती आणि तो तिच्यावर बसला होता, एवढंच.

समोर आई शाल लपेटून बसली होती. तिच्या उजवीकडे मधली, म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण, खास या बोलण्यासाठी सासरहून सकाळच्या बसने आलेली. डावीकडे धाकटा, त्याची बायको, आणि त्यांची मुलगी चिंगी. चिंगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, पण तिचं हे घरगुती नाव काही तिला सोडत नव्हतं. उकाड्याचे दिवस असूनही तिने मनगटापर्यंत येणारा स्वेटर घातला होता.

धाकट्याने घसा साफ केला. अण्णांच्या माघारी लाँड्री त्यानेच वाढवली. नवी यंत्रं आणली, स्टेशनाजवळ कपडे गोळा करायचं दुकान टाकलं. हरवलेल्या शर्टाबद्दल गिऱ्हाइकाची समजूत घालताना लागणारा गोड, निसटता सूर आता घरातल्या बोलण्यालाही चिकटला होता.

"दादा, गैरसमज करून घेऊ नकोस," त्याने सुरुवात केली, आणि थोरल्याला पुढचं सगळं कळलं.

चिंगीच्या कोपरांवर, कानांच्या मागे आणि पाठीवर 'ते' आलं होतं. लाल चट्टे, वर चांदीसारखा पापुद्रा. 'ते' म्हणजे काय हे विचारावं लागत नव्हतं. डॉक्टरांनी सोरायसिस हे नाव देऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण या घरात त्या शब्दाला कधी उंबरा ओलांडता आला नव्हता. धाकट्याचं म्हणणं असं की दोष कुणाचाच नाही, पण पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. स्टेशनाजवळच्या दुकानावर माडी आहे, खिडकी आहे, वारा चांगला येतो. दादाने काही दिवस तिथे राहावं. डबा वेळेवर पोचेल.

"काही दिवस म्हणजे किती?" थोरल्याने विचारलं.

"ते बघू ना आपण," धाकटा म्हणाला.

थोरल्याने चिंगीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्या दोघांत एक गुपित होतं आणि ते त्या क्षणी टेबलावर फुटक्या काचेसारखं पडलं होतं; कुणाला दिसत नव्हतं, पण हात ठेवला असता तर कापला असता. काही दिवसांपूर्वी, इस्त्रीच्या खोलीत दुसरं कुणी नसताना, चिंगीने बाही वर सारून त्याला कोपर दाखवलं होतं. "काका, हे तुमचंच आहे का?" त्या प्रश्नात किळस नव्हती. हरवलेली वस्तू धन्याला परत करताना विचारावं तसं तिने विचारलं होतं, आणि तो इस्त्री हातात धरून तसाच उभा राहिला होता. मग घरी न सांगता तो तिला आपल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. घरी सांगू नका, अशी गळ तिनेच घातली होती.

"ते लागत नाही," तो आता म्हणाला. हे वाक्य त्याने या टेबलाशी इतक्यांदा उच्चारलं होतं की ते त्याला स्वतःलाच धुऊन विटलेलं वाटू लागलं होतं.

"डॉक्टर पुस्तकातलं सांगतात, दादा. मी माझ्या डोळ्यांना दिसतंय ते सांगतोय."

तरीही थोरला बोलत राहिला. तो अबोल माणूस. इस्त्री तापली की नाही हे बोट ओलं करून ओळखावं तसं प्रत्येक वाक्य आधी मनाशी टेकवून पाहणारा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं ते त्याने आपल्या भाषेत मांडलं. कातडी रोज झिजते आणि खालून नवी येते; तिला वर यायला साधारण महिना लागतो. अंगात शत्रूशी लढणारे जे पहारेकरी असतात ते माझ्या बाबतीत नसत्या चोराची आरोळी ठोकतात, आणि मग महिन्याचं काम चार-सहा दिवसांत उरकायला निघतं. इस्त्री करणारा एकच आणि आठवड्याचे गठ्ठे एकाच दुपारी येऊन पडले तर जे होईल तेच. कच्चंपक्कं, थरावर थर. बीज घरातलं असतं, निमित्त बाहेरचं. कधी घशाचा आजार, कधी मनाचा घोर, कधी साधं खरचटणं, कधी एखादं औषध. मुळापासून जात नाही, पण आवरता येतं. आधी मलम, मग दिव्याच्या पेटीत उभं करून अंगावर ठरावीक प्रकाश देणं, त्यानेही भागलं नाही तर रक्त तपासत आठवड्याला घ्यायची गोळी, त्याहून पुढे सुया. "मला उशिरा मिळालं सगळं. चिंगीला वेळेवर मिळू शकतं."

"या घरात लोकांचे डाग काढण्यात पिढ्या गेल्या," मधली म्हणाली, "आणि घरातल्याच माणसाचा डाग तेवढा कुणाला निघेना."

धाकटा हसला. आईने त्याच्याकडे पाहताच तो थांबला.

धाकट्याची बायको मात्र हसली नव्हती. ती थोरल्याचा शब्द न् शब्द ऐकत होती आणि त्यातला 'घसा' तिच्या मनात काट्यासारखा अडकला होता. थंडीत चिंगीचा घसा धरला होता. ताप, गिळता येईना, आवाज बसलेला. तिने काढे दिले, गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, डॉक्टरकडे न्यायचं आज-उद्या करता राहून गेलं. त्यानंतरच, पोरीचे केस विंचरताना, मानेवर पाण्याचे थेंब उडावेत तसे लाल ठिपके तिला दिसले होते. म्हणजे निमित्त माझ्या हातून? हा विचार तिला सहन होईना, आणि जो विचार सहन होत नाही तो माणूस शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. इतकी वर्षं या दिराचा टॉवेल तिने कधी बोटाने शिवला नव्हता. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला लाल टोपली दाखवली होती, हलक्या आवाजात, जणू घरातला दागिना दाखवावा तशी. पुढे ह्याच दिराने चिंगीला शर्टाची घडी घालायला शिकवली. आधी बाह्या, मग पाठ, मग कॉलर वर. पोर त्याच्या मांडीशी उभी असायची आणि ही दारातून पाहत असायची, बोलावू की नको या विचारात. बोलावलं नाही. आता वाटत होतं, बोलवायला हवं होतं. आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी तुम्हाला आजवर कधी वाईट बोलले का?"

"नाही."

"मग आता बोलायची वेळ आणू नका."

मग मधलीने पर्समधून कागदाच्या पुड्यांची एक पिशवी काढून टेबलावर ठेवली, आणि आपण ऐनवेळी धावून आल्याच्या समाधानाने सांगू लागली की तिच्या सासरकडे एक वैद्य आहे, त्याची पुडी रामबाण आहे, दादाने माझ्या लग्नाच्या वेळी घेतली तेव्हा पंधरा दिवसांत अंग लख्ख झालं होतं की नाही? फोटोत बघा कसा दिसतोय.

थोरला उठून उभा राहिला. त्या घरात बोलणं चालू असताना तो उभा राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"ती पुडी तिला द्यायची नाही," तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. पण मधलीचा हात पिशवीवरच थांबला. मग त्याने फोटोच्या नंतरचं सांगितलं, जे मधलीला ठाऊक नव्हतं, कारण ती तेव्हा नव्या घरी रमली होती. पुडी संपली आणि सगळं दुपटीने उलटलं. तळहातापासून तळपायापर्यंत कातडी लाल, भाजल्यासारखी. अंगातली ऊब टिकेना, भर उन्हाळ्यात तो ब्लँकेटखाली कापत होता. इस्पितळात पुडी तपासली तेव्हा त्यात न सांगता मिसळलेलं जहाल औषध निघालं. ते घेताना बरं वाटतं आणि एकदम थांबवलं की सूड घेतं. "माझ्यावर एकदा झालं तेवढं पुरे. मी जातो माडीवर. आज जातो. पण तिला डॉक्टरीणबाईंकडे न्या, पुडी देऊ नका, आणि तिचे कपडे भट्टीत उकळू नका. एवढं कबूल करा."

"भट्टीचं काय आता?" धाकट्याने विचारलं.

भट्टीचं असं होतं की लाल धाग्याचे कपडे इतरांबरोबर यंत्रात जात नसत. ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात शिजवले जात, इस्पितळाच्या चादरी शिजवाव्यात तसे, आणि सोडा पुरता निघायच्या आत दोरीवर पडत, कारण दुसऱ्या पाण्यात ते हाताळायला कुणी राजी नसे. खरखरीत, ताठ कॉलर मानेला घासे, कंबरपट्टा कमरेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेभोवतीची नि कमरेभोवतीची लाल रेघ पाहून विचारलं होतं, हे असं मोजून आखल्यासारखं कसं? या रोगात जिथे कातडी दुखावते तिथेच तो नव्याने उगवतो. तुम्ही कपडे कशात धुता?

"मी घरी येऊन सांगितलं होतं," थोरला म्हणाला. "आई म्हणाली, स्वच्छ कपड्याने कुणाचं वाईट झालेलं नाही."

"तिला काय बोल लावतोस?" मधली फणकारली. "तिच्यासारखी धुण्याची काळजी कुणी घेतली असेल का? अण्णांचे शर्ट तिने एक दिवस लाँड्रीत टाकू दिले नाहीत. गावाचे कपडे खाली यंत्रात, आणि मालकाचा शर्ट वर न्हाणीघरात, तिच्या हाताने, साध्या साबणाने. आम्ही पोरं हसायचो."

तिने हे कौतुकाने सांगितलं होतं. पण सांगून झाल्यावर तिलाच ते वाक्य परक्यासारखं ऐकू आलं असावं, कारण पुढचं सोडून तिने पुड्यांची पिशवी टेबलावरून परत हातात घेतली.

थोरला अजून उभाच होता. त्याच्या डोळ्यांसमोर अण्णा आले, वाफेने धुरकटलेल्या खोलीत, सगळे कामगार बनियनवर असताना मनगटापर्यंत बटणं लावलेले अण्णा. गडद कोटाच्या खांद्यावर पांढरा चुरा दिसला की म्हणत, खळीचा भुगा उडतो रे सारखा. कोपरावरच्या खुणांना म्हणत, वाफेचा चटका. अखेरच्या वर्षांत त्यांची बोटं सुजून वाकडी झाली, इस्त्रीची मूठ धरवेना. तेव्हा म्हणत, जन्मभर गरम-गार पाण्यात हात, आणखी काय होणार. थोरल्याने नकळत स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. गेला हिवाळाभर ती सकाळी उघडत नव्हती.

त्याच्या आधी चिंगीच बोलली. ती आईवडिलांकडे न बघता सरळ आजीकडे बघत होती.

"आजी, मी काकांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आलेय. त्यांनी मला विचारलं, काकांच्या आधी घरात कुणाला होतं? मी म्हटलं, कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, नीट विचारून ये. कुणाचे सांधे धरले होते का तेही विचार, कारण हा रोग सांध्यांत उतरू शकतो, आणि घरात तसं झालेलं असेल तर तुझ्याकडे आधीपासून लक्ष ठेवायला हवं." ती थांबली. "मी नीट विचारतेय."

"तू तिला आम्हाला न सांगता नेलंस?" धाकट्याचा गोड सूर पार उतरला होता. त्याची बायकोही थोरल्याकडे वळली. आईला मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं.

आईला ऐकू येत होता तो न्हाणीघरातला पाण्याचा आवाज. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने दार लोटून शर्ट काढला होता आणि पाठ फिरवून म्हणाला होता, कुणाला सांगू नकोस. तिने सांगितलं नाही. त्याच्यावर तिचा जीव होता. ती पाठ तिने तेलाने चोळली, ते शर्ट स्वतः धुतले, आणि हे गुपित तिला दोघांच्या संसारातल्या एखाद्या बंद खोलीसारखं वाटत राहिलं, जिची किल्ली फक्त तिच्याकडे आहे. मग थोरल्याला मिसरूड फुटलं आणि त्याच्या गुडघ्यांवर तिने तेच पाहिलं. पाहताक्षणी ओळखलं. मधलीचं लग्न पुढे व्हायचं होतं. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी सांगून टाकलं, इस्पितळाच्या चादरींतून याला काहीतरी लागलं. लाँड्रीच्या घरात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. लागलेला रोग एकट्याचा असतो. रक्तातला सगळ्यांचा. एकाला बाजूला काढलं की बाकीचे स्वच्छ राहतात. जन्मभर तिने हेच काम केलं होतं, डाग पडलेला कपडा निराळा काढण्याचं. लाल धागा तिनेच ओवला. आणि तिचा नवरा, मनगटाची बटणं लावून, समोर बसून बघत राहिला. इस्पितळाच्या चादरी घेणं त्याने त्याच महिन्यात बंद केलं, म्हणजे गोष्टीला पुरावा झाला. एकदा, थोरल्याचं ताट वेगळं मांडलेलं पाहून, तो जेवता जेवता उठून गेला होता. ती म्हणाली होती, बसा, पोरांना काय वाटेल.

थोरल्यासाठी एक मुलगी सांगून आली होती. चट्टे पाहूनही हो म्हणणारी. तिच्या बापाला आईनेच परत पाठवलं होतं. दुसऱ्याच्या मुलीला का लावायचं, असं तेव्हा ती म्हणाली होती, आणि सगळ्यांनी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं होतं.

आता तिच्यासमोर चिंगी बसली होती. स्वेटरची बाही वर सरकली होती. नवऱ्याचंच कोपर.

"तुझ्या आजोबांना होतं," आई म्हणाली. "पाठीवर, कोपरांवर, डोक्यात. बोटं गेली तीही त्यानेच गेली असतील. लग्नाआधीपासून होतं."

सगळेच एकदम बोलू लागले, आणि प्रत्येकाच्या तोंडून स्वतःचंच निघालं. मधलीने हातातली पुड्यांची पिशवी परत पर्समध्ये कोंबली आणि म्हणाली की तिच्या मुलाच्या डोक्यात केव्हापासून कोंडा आहे, कशानेच जात नाही, आता सासरी हे कळलं तर? धाकट्याने बोलता बोलता शर्टाची बाही चाचपली, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच हात मागे घेतला. त्याची बायको सासूकडे वळली. आतापर्यंत त्या दोघी एका बाजूला होत्या.

"लग्नाआधी सांगायला हवं होतं तुम्ही. माझ्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी या घरात मुलगी दिलीच नसती."

"म्हणजे मी नसतेच," चिंगी म्हणाली.

तिने ते कुणाला बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. हिशेब करून उत्तर सांगावं तसं म्हटलं. तिच्या आईने मुलीचा हात धरायला आपला हात पुढे केला, आणि कोपराच्या जरा अलीकडे, मनगटाशी, स्वेटरवरून धरला.

धाकटाच आधी सावरला. त्याने पुन्हा तो काउंटरवरचा सूर लावला. झालं ते झालं, आता दादाने कुठे जायची गरज नाही, स्टेशनाजवळची ती माडी तशीही कोंदट आहे. आपण सगळे समजूतदार आहोत. "तू इथेच राहा, दादा," तो म्हणाला, एखादी मोठी सूट जाहीर करावी तसा.

थोरला खुर्चीवर बसला. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. कुणाचं तरी तोंड उघडावं आणि हे बाहेर यावं, यासाठी तो तारुण्य घालवून बसला होता, आणि ते बाहेर यायला एक दुपार पुरली होती. फक्त ते त्याच्यासाठी आलं नव्हतं. हे त्याला आईच्या चेहऱ्याकडे बघताना हळूहळू उमगत गेलं, आणि त्याला पुतणीचा हेवा वाटला. आपल्याला या पोरीचा हेवा वाटावा, याचं त्याला त्या खोलीतल्या दुसऱ्या कशाहूनही अधिक वाईट वाटलं.

"आई," त्याने विचारलं, "मी तुला एकदा विचारलं होतं. इस्पितळातून आल्यावर. आपल्यात कुणाला होतं का म्हणून."

"विचारलं होतंस."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मधली नुकती सासरी गेली होती. तिला परत पाठवलं असतं."

"मग नंतर?"

"नंतर धाकट्याचं जमत होतं."

"आणि त्यानंतर?"

आईने शाल सारखी केली. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. त्या दुपारी तिच्याजवळ खऱ्याखेरीज काहीच उरलं नव्हतं.

"त्यानंतर सगळ्यांना सवय झाली होती," ती म्हणाली.

थोरल्याने मान हलवली. "मलाही," तो म्हणाला.

मग तो उठला आणि चिंगीला म्हणाला, उद्या दहाला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, तुझी आई येणार असेल तर तिलाही घे, आजोबांचं सगळं सांग, सांध्यांचंही. ते झाल्यावर तो वर गेला. खाली बसलेल्यांना त्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात मलमांची पिशवी होती.

"आता का जातोस?" धाकटा म्हणाला. "आता तर सगळ्यांना कळलं."

"म्हणूनच," थोरला म्हणाला. "कळलं नव्हतं तोवर राहता येत होतं."

तो गेला. कुणी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलं नाही. ते निर्दयपणामुळे नव्हे, तर कुणी जावं हे ठरेना म्हणून. मधलीला बस गाठायची होती. धाकट्याची बायको कपबशा गोळा करू लागली. थोरल्याची कपबशी उचलताना ती थबकली, आणि मग घाईघाईने, कुणी पाहिलं तर नाही ना हे पाहून, ती इतरांच्या कपबशांवर ठेवली. सगळ्यांत वर, सुटी. चिंगीने ते पाहिलं. तिने स्वतःचा कप उचलला आणि काकांच्या कपात नेऊन ठेवला.

खोली रिकामी झाल्यावर आई दाराजवळच्या टोपलीपाशी गेली. थोरल्याने आपले सगळे कपडे नेले नव्हते. एक शर्ट टोपलीत राहिला होता. तिने तो उचलला. शिवणीची छोटी कात्री टेबलाच्या खणात असे. तो शर्ट घेऊन ती खिडकीशी, उजेडात, लोखंडी खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर ती आधी कधी बसली नव्हती. खुर्ची गार होती, आणि पाठीला टेकायला जागा नव्हती.

कॉलर उलटी करून तिने लाल टाका शोधला. तो तिचाच होता, तिच्या हातची गाठ तिने ओळखली. नजर नीट होती त्या दिवसांतली, बारीक, घट्ट, सुटू नये म्हणून दुहेरी मारलेली. कात्रीचं टोक धाग्याखाली जाईना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर एकदा गेलं, आणि धागा निघून तिच्या मांडीवर पडला.

शर्ट पांढुरका होता. तो तसाच आहे असं ती इतकी वर्षं समजत आली होती. पण जिथे टाका होता तिथे, धाग्याखाली, जिथवर सोडा पोचला नव्हता आणि ऊनही पोचलं नव्हतं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी एक निळी खूण राहिली होती. गडद निळी. तो रंग तिने स्वतः दुकानातून निवडून आणला होता, आणि विसरून गेली होती. ती शर्ट खिडकीकडे धरून बसून राहिली, उजेड उतरेपर्यंत.